क्रॅश टेंडरमधला जुना फोम बदलताना माती आणि पाणी कसे जपावे

क्रॅश टेंडर म्हणजे विमानतळावरचा अग्निशमन बंब. त्यातल्या एएफएफएफ या जुन्या प्रकारच्या फोमने इंधनाची आग झटपट विझते, कारण त्यातली पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायने इंधनावर पातळ पापुद्रा धरतात. पण ती मातीत कुजत नाहीत, भूजलातून दूरवर जातात. त्यांपैकी पीएफओएस २००९ साली, तर पीएफओए २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या (न कुजणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आले. फोम कंपाउंडमध्ये (पाण्यात मिसळायच्या मूळ द्रावणात) १% पीएफओएस असेल, तर एका लिटरात ते १० ग्रॅम भरते. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएससाठी लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा घातली. त्या हिशेबाने हे एक लिटर कंपाउंड २५० कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत दूषित करायला पुरते!

खरी आग क्वचितच लागते. जमीन मुख्यतः सराव आणि चाचण्यांमुळे नासते, म्हणून सुरुवात तिथूनच करा. सरावाला साधे पाणी किंवा फ्लोरिनविरहित सराव-फोम वापरा. प्रपोर्शनर (पाण्यात कंपाउंड ठरलेल्या प्रमाणात मिसळणारे यंत्र) तपासताना कंपाउंडऐवजी पाणी आणि फ्लोमीटर लावून प्रमाण मोजा. फोम बाहेर सोडायची गरजच उरत नाही.

आता टाकीतला फोम बदलणे. नुसते जुने कंपाउंड काढून नवे ओतले की काम झाले, हा समज सर्वांत महागात पडतो. पीएफएएस टाकीच्या आणि पाइपच्या आतल्या भिंतींना चिकटून राहते आणि पुढे नव्या फोममध्ये उतरते. १२,००० लिटर पाण्याच्या टेंडरला ३% प्रमाणाने पाण्याच्या एका टाकीमागे सुमारे ३६० लिटर, दोन टाक्या पाण्यासाठी ७२० लिटर कंपाउंड लागते. कंपाउंडची टाकी तीनदा पूर्ण भरून धुवायची तर धुवणाचे २,१६० लिटर आणि जुने कंपाउंड मिळून २,८८० लिटर होतात. पाइपमधला माल वेगळाच, म्हणून ४,००० लिटरची बंदिस्त साठवण आधीच उभी करा. टेंडर बंद असेपर्यंत बदली टेंडर हजर ठेवा, नाहीतर विमानतळाची अग्निशमन श्रेणी खाली येते.

कोमट पाणी खालून, सावकाश भरा. वरून ओतले तर टाकीभर फेस होतो. काही तास भिजू द्या, पंपाने फिरवा, मग साठवणीत काढा. प्रपोर्शनर, मॉनिटर (फोमचा झोत मारणारी तोफ), होज रील आणि बंद टोकाचे पाइप वगळू नका. माल तिथेच अडकतो. तिसऱ्या धुवणानंतर टाकीत पाणी काही दिवस तसेच ठेवून नमुना घ्या, कारण लगेच घेतलेला नमुना फसवतो. बाटली एचडीपीई प्लास्टिकची हवी, टेफ्लॉन-अस्तराचे झाकण नको, कारण टेफ्लॉनही फ्लोरिनयुक्तच.

नवा फ्लोरिनविरहित फोम घेताना आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) फोमच्या आग विझवण्याच्या क्षमतेची पातळी बी किंवा सी, यापैकी आपल्या नियोजनात जी असेल तिचे प्रमाणपत्र मागा. हे फोम बहुधा दाट असतात, त्यामुळे प्रपोर्शनर नव्याने जुळवावा लागतो. दोन ब्रँड एकत्र करू नका. आणि फ्लोरिन नाही म्हणून तो नाल्यात सोडायचा नाही: कुजताना तो पाण्यातला प्राणवायू ओढतो, मासे मरतात.

खरी आग लागली तर आधी माणसे वाचवा, ते झाले की लगेच पावसाळी नाल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून फोमचे पाणी टँकरने उचला. ते सांडपाणी प्रकल्पात पाठवू नका. पीएफएएस तिथे नष्ट होत नाही, गाळात आणि बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यात उतरते. त्यापेक्षा हवेचे बुडबुडे सोडून फेस वेगळा काढावा, मग उरलेले पाणी सक्रिय कार्बन किंवा आयन-एक्स्चेंज रेझिनमधून न्यावे. आखूड साखळीची (लहान रेणूंची) पीएफएएस रसायने कार्बनमधून लवकर निसटतात, तेव्हा कार्बनच्या बाहेरचे पाणी तपासत राहा. सरावाच्या जुन्या काँक्रीटमधून दर पावसाळ्यात पीएफएएस झिरपते. त्यावर छप्पर किंवा सीलंटचा थर द्या.