थंडीच्या दिवसांत ठिबकसाठी खताचे द्रावण करताना

मार्गशीर्ष-पौषात अथणी, रायबाग, चिक्कोडी भागातील ऊस व द्राक्षांना आणि बेळगाव-हुक्केरीकडील भाजीपाल्याला ठिबकमधून विद्राव्य खते देणे चालू असते. याच दिवसांत पिंपाच्या तळाला साका राहतो, जाळीचा फिल्टर वारंवार भरतो आणि लॅटरलच्या (पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळीच्या) टोकाकडील ड्रीपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडे, बंद पडतात. अशा वेळी दोष बहुधा खताच्या पोत्याला दिला जातो. पोते भेसळीचे असूही शकते. परंतु तसे ठरवण्यापूर्वी पाण्याचे तापमान, पाण्याचे प्रमाण आणि खते टाकण्याचा क्रम तपासून पाहावा.

खत किती लवकर विरघळते ही एक गोष्ट आणि एकूण किती विरघळू शकते ही दुसरी. खडे फोडून बारीक केले आणि काठीने ढवळत राहिले की विरघळण्याचा वेग वाढतो. मर्यादा मात्र वाढत नाही. ती खताचा प्रकार, पाण्याचे तापमान आणि पाण्यात आधीपासून काय विरघळलेले आहे यांवर ठरते. म्हणून अर्धा तास ढवळूनही खत तळाला राहत असेल, तर गड्याला आणखी ढवळायला लावण्यात अर्थ नाही, पाणी वाढवावे.

००:००:५० (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी दाखवतात) म्हणजे पोटॅशियम सल्फेट या बाबतीत सर्वांत हट्टी. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये ते सुमारे ११० ग्रॅम विरघळते, तर १० अंशाला सुमारे ९० ग्रॅम. त्या हिशेबाने २०० लिटरच्या पिंपात थंड पाण्यात १८ किलोच्या वर ते जाणारच नाही, आणि प्रत्यक्षात १० किलोपर्यंतच टाकणे हिताचे. १३:००:४५ अर्थात पोटॅशियम नायट्रेट २० अंशाला लिटरमागे ३१५ ग्रॅमच्या आसपास विरघळत असले, तरी १० अंशाला हा आकडा २१० पर्यंत घसरतो. थ्री फेज वीज रात्री मिळणार म्हणून दुपारच्या उन्हात दाट द्रावण करून ठेवणाऱ्यांनी ही घसरण विशेष लक्षात घ्यावी, कारण दुपारी नितळ दिसलेल्या पिंपात पहाटे काचेसारखे बारीक खडे तयार झालेले असतात आणि तेच व्हेंचुरीच्या, म्हणजे द्रावण ठिबकच्या पाण्यात ओढून घेणाऱ्या साधनाच्या, नळीत जाऊन बसतात.

युरियाची मर्यादा फार मोठी आहे, साधारण लिटरला एक किलो. पण तो विरघळताना पाण्यातील उष्णता ओढून घेतो. युरिया ओतल्यावर थोड्या वेळाने पिंपाला बाहेरून हात लावून पाहावा, गारवा लगेच जाणवतो. आधी युरिया टाकून पाणी असे गार केले आणि मग त्यात पोटॅश टाकला, तर तो तळाला बसणारच. यासाठी कमी विरघळणारे खत आधी टाकावे, ते पूर्ण विरघळू द्यावे आणि युरिया सर्वांत शेवटी घालावा.

पाणी कोठून घ्यावे, याचाही फरक पडतो. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या पिंपातील पाणी पहाटे बोटे बधिर करते, तर बोअरचे ताजे पाणी त्याच वेळी कोमट लागते. द्रावण पहाटेच करायचे असल्यास ताजे बोअरचे पाणी वापरावे. मात्र काही बोअरचे पाणी जड असते, साबणाला फेस येऊ देत नाही. अशा पाण्यातील कॅल्शियम १२:६१:०० सारख्या स्फुरदयुक्त खताशी संयोग पावून पांढरा साका धरते. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरद किंवा सल्फेट असलेली खते एका पिंपात एकत्र करणे तर पूर्णपणे टाळावे. सल्फेटशी गाठ पडली की जिप्सम तयार होतो आणि लिटरभर पाण्यात तो जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. ही खते वेगवेगळ्या दिवशी द्यावीत आणि मधल्या वेळेत नुसते पाणी सोडून नळ्या धुऊन घ्याव्यात.

बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे बुरशीनाशक. त्यासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार) विरघळवताना तो बादलीच्या तळाशी न टाकता पातळ फडक्यात बांधून पाण्याच्या वरच्या थरात लोंबकळत ठेवावा. दाट झालेले निळे पाणी जड असल्याने खाली उतरते आणि खड्यांना वरून ताजे पाणी मिळत राहते, त्यामुळे न ढवळताही काम होते. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे असावे. लोखंडी भांड्यात तांबे लोखंडावर बसून वाया जाते. चुना मात्र उलट्या चालीचा आहे: मुळातच कमी विरघळतो आणि पाणी गरम केल्यास आणखी कमी.

पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीच्या बुरशीनाशकांना हे नियम लागू नाहीत. ती विरघळत नाहीत, नुसती तरंगत राहतात. म्हणून आधी थोड्या पाण्यात त्यांची लापशी करून मग पाणी वाढवावे आणि फवारणी संपेपर्यंत ढवळत राहावे.

नवीन खते एकत्र करण्यापूर्वी पारदर्शक बाटलीत, आपल्याच पाण्यात, पिंपाच्याच प्रमाणात, लिटरभर मिश्रण करून दोन तास सावलीत ठेवावे. ते गढूळ झाले किंवा तळाला थर धरला, तर ती खते स्वतंत्रपणे द्यावीत. पिंपातील द्रावण सोडतानाही तोटी तळापासून चार बोटे वर ठेवावी आणि खाली उरलेला साका फिल्टरकडे न सोडता, पाणी घालून पातळ करून बांधाकडच्या झाडांना घालावा.