पडल्या पडल्या शरीर किती कॅलरी जाळतं? कागद-पेन घ्या

मावशीचं गाऱ्हाणं ठरलेलं. "दिवसभर बसूनच तर असते, माझ्या कॅलरी जळणार कुठून?" म्हणून तिनं रात्रीचं जेवण बंद केलं. खरं तर तिच्या दिवसाच्या खर्चातला साठ-सत्तर टक्के वाटा बसल्या जागीच जातो. हृदय, यकृत, मूत्रपिंड, अंगाची ऊब हे सगळं तिन्ही त्रिकाळ चालू. मेंदू वजनानं जेमतेम दोन टक्के, पण या खर्चाचा पाचवा हिस्सा एकटा खातो. बसल्या जागी होणाऱ्या या सगळ्या खर्चाला बीएमआर (बेसल मेटाबॉलिक रेट) म्हणतात. (बीएमआय, म्हणजे वजन-उंचीचं गणित, वेगळा; गल्लत नको.)

आधी वजन. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. मग उंची, भिंतीला टाच टेकवून. लग्नाच्या बायोडेटातली उंची धरू नका!

आता बीएमआर काढायचं 1990 सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र. मावशी 62 किलो, 155 सेंटीमीटर, वय 52.

वजन गुणिले 10: 620.
उंची गुणिले 6.25: साधारण 969. बेरीज 1589.
वय गुणिले 5 म्हणजे 260 वजा: 1329.
बाईमाणूस असेल तर आणखी 161 वजा: 1168. (पुरुषांनी 161 वजा न करता 5 मिळवायचे.)

हे सूत्र अमेरिकी माणसांवरून बेतलेलं. परदेशी सूत्रांपेक्षा आपल्याकडचा आकडा पाचेक टक्के कमी धरावा, असं आयसीएमआरनंही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एकेकाळी मानलं होतं. म्हणून मी मावशीसाठी 1110 धरले. अचूक आकडा हवा तर उपाशीपोटी निजवून, श्वासातला ऑक्सिजन मोजून काढतात; घरी एवढ्यावर भागतं.

आता दिवसाचा एकूण खर्च: बैठं काम असेल तर बीएमआरला 1.4 नं गुणा. मावशीचे झाले साधारण 1550. ती खात होती नऊशेच्या आसपास, म्हणजे नुसतं पडून राहायला लागतं त्याहूनही कमी. दुपारी चक्कर येणारच.

जिममध्ये कोणी सांगेल, स्नायू वाढवा, झोपेतही भरपूर जळेल. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला तेरा-एक कॅलरी जाळतो. अर्ध्या पोळीचाही हिशोब नाही. स्नायू इतर कारणांसाठी जरूर कमवा.

आकडा आला की तीन-चार आठवडे जे खाता ते कॅलरींसकट वहीत लिहा आणि दर रविवारी वजन करा. वजन जागचं हललं नाही, तर सूत्रापेक्षा वहीतला आकडा खरा माना. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा पोटात बाळ असेल, तर हा हिशोब डॉक्टरांसमोर बसूनच करा.