लागोसच्या बुकात जेवायला जाताना

नायजेरियातल्या लागोस किंवा इबादानमधल्या बुकात, म्हणजे साध्या खाणावळीत, पहिल्यांदा जाणार असाल तर आमाला मागवाच. याम कंदाच्या वाळवलेल्या पिठाचा हा गडद, मऊ गोळा असतो. सोबत तागाच्या कोवळ्या पानांचं बुळबुळीत एवेडू, चवळीचं पिवळं ग्बेगिरी ही सूपं आणि वरून तिखट रस्सा. उजव्या हाताने छोटा घास तोडा, अंगठ्याने त्यात खळगा करा, सूप भरून घ्या आणि न चावता गिळा. चावलात तर नुसता चिकटपणा जाणवतो.

मांसाच्या तुकड्यांचे पैसे बहुधा वेगळे लागतात, म्हणून पातेल्यातला तुकडा दाखवून भाव आधी विचारा. शाकी म्हणजे वजडी आणि पोनमो म्हणजे जनावराचं कातडं, दोन्ही बहुतेकदा गाईबैलांचंच. गोमांस चालत नसेल तर कोंबडी किंवा मासे मागा, पण रस्सा कशात शिजलाय हेही विचाराच.

शाकाहाऱ्यांनी फार जपावं. पालेभाजीच्या सूपातही सुक्या कोळंबीची पूड असते, जोलोफ म्हणजे टोमॅटोच्या रश्शात शिजवलेल्या भातात बऱ्याचदा मांसाचं पाणी. तळलेल्या पिकल्या केळ्याचे काप, दोदो, हा त्यातल्या त्यात बरा पर्याय.