अर्धा ‘ऱ’ नीट टाइप कसा करायचा, आणि ‘दऱ्या’ शोधात का सापडत नाहीत

‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरुजी येतात, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी. तेव्हा ‘ऱ्य’च्या जागी रफार चालवून घेऊ नका.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असं जाऊन मराठी जोडा. विंडोज-की धरून स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो. इनस्क्रिप्टवर, म्हणजे या मराठी कीबोर्डच्या मांडणीवर, ‘दऱ्या’साठी क्रमाने ओ, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. शिफ्ट-जे दाबल्यावर र-खाली टिंब दिसतं. ते खोडू नका. डीने पाय मोडून य आला की टिंब आपोआप जातं. ‘कुऱ्हाड’मध्ये य-ऐवजी ह, म्हणजे यू.

खरी डोकेदुखी पुढे आहे. काही साधनं ऱ न वापरता साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी जुळणी करतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखं, पण संगणकाच्या लेखी शब्द वेगळे. म्हणून यादीत ‘दऱ्या’ डोळ्यांना दिसतात आणि शोधात सापडत नाहीत. ओळखायचं कसं? एक्सेलमध्ये शब्दावर लेन (LEN) हे अक्षरं-चिन्हं मोजणारं फंक्शन लावा: योग्य ‘दऱ्या’ ५ भरतो, जोडचिन्हवाला ६. किंवा शब्दाच्या शेवटी जाऊन तीनदा बॅकस्पेस दाबा. टिंबवाला ऱ उरला तर ठीक, पाय मोडलेला र उरला तर गडबड.

दुरुस्तीला सबस्टिट्यूट (SUBSTITUTE) हे एका मजकुराच्या जागी दुसरा घालणारं फंक्शन. पहिल्या जागी सेल; दुसऱ्या जागी युनिचार (UNICHAR) या क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या फंक्शनचे २३५२, २३८१ आणि ८२०५ हे तीन तुकडे & ने जोडून; तिसऱ्या जागी तसेच २३५३ आणि २३८१. युनिचार एक्सेल २०१३पासून पुढेच मिळतं. आधी फाइलची प्रत काढून ठेवा.

‘ॲप’चीही हीच गत. अ-वर वेगळा चंद्र दिला तर दिसतं बरोबर, पण लेन २ ऐवजी ३ येतं. ॲ हे स्वतंत्र अक्षर आहे: वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्डवर ०९७२ टाइप करून लगेच ऑल्ट-एक्स दाबा. अंक इंग्रजीच हवेत, देवनागरी चालत नाहीत.

‘वाङ्‌मय’मध्ये म ङ-खाली चिकटत असेल, तर वर्डमध्ये ङ-चा पाय मोडून इंग्रजी कीबोर्डवर 200C (जोड तोडणाऱ्या अदृश्य चिन्हाचा क्रमांक), ऑल्ट-एक्स, आणि मग म.