जुनी गाडी चावीवर सुरू होत नाही? या चुका टाळा

जुनी गाडी सकाळी सुरू झाली नाही की पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो: मालक दहा-बारा वेळा सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारतो, शेजारचे दोघे धक्का मारायला धावतात आणि संध्याकाळपर्यंत गाडीत नवी बॅटरी बसते. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करण्यात माझी नोकरी सरली. त्यामुळे वस्तू बदलण्याआधी वीज कुठे अडली आहे ते शोधण्याची सवय मला लागली आहे, आणि ही सवय नसलेल्या माणसांना पाहून आता माझा संयम सुटू लागला आहे.

पहिली चूक म्हणजे आवाज न ऐकणे. हेडलाइट लावून चावी एकदाच फिरवावी. ‘कटकटकट’ असा सलग आवाज येऊन दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे. दिवे लख्ख राहिले आणि काहीच हालचाल झाली नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी चावीच्या स्विचकडे आणि सेल्फच्या सॉलेनॉइडला (चावी फिरवताच सेल्फला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचला) जाणाऱ्या बारीक वायरीकडे पाहावे. इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देण्याचे कारणच उरत नाही. तेथे पेट्रोल आणि ठिणगी तपासावी.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. माझी कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीची) मारुती ८०० एका उन्हाळ्यात नुसता ‘कट्’ आवाज करून अडून बसू लागली. दुकानदाराने बॅटरीकडे नुसते पाहून ‘प्लेटा गेल्या’ असे सांगितले. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, बॅटरीचे पाणी भराभर आटते आणि प्लेटा उघड्या पडतात, हे मला ठाऊक असल्यामुळे मी निमूट विश्वास ठेवला आणि नवी बॅटरी घेतली. आठवड्याभरातच पहाटे रेल्वे स्थानकाबाहेर, मुलीला रेल्वेत बसवून परतताना, तोच ‘कट्’ आवाज आला. दुकानदाराने कुरकुरत तीही बॅटरी बदलून दिली, तरी फरक पडला नाही. अखेर एके दिवशी सेल्फ मारताना जळकट वास आला आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावला, तर ती चटका बसण्याइतकी तापलेली होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: इंजिनाची अर्थिंगची पट्टी (इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे वीज परत नेणारी) काम करत नव्हती आणि सेल्फचा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह त्या बिचाऱ्या केबलीतून वाट काढत होता. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये मीटर लावले, तर जवळजवळ तीन व्होल्ट दिसले, तेथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा अधिक दिसता कामा नये. गाडी रंगवताना कारागिराने पट्टीच्या बोल्टाखालीही रंग मारून ठेवला होता. पॉलिश पेपरने रंग खरवडून बोल्ट आवळला आणि दोन बॅटऱ्यांनी न मिटलेले दुखणे अर्ध्या तासात मिटले.

तेव्हापासून माझा नेम असा: आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढायचा, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशाने धुवायची (झाकणे घट्ट असावीत, सोडा आत जाता कामा नये), कोरडे करून क्लॅम्प आवळायचा आणि वर व्हॅसलिन लावायचे. क्लॅम्प हाताने फिरत असेल तर तो सैलच समजावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले नाहीत, तर चार्जिंगमध्ये दोष आहे आणि नवी बॅटरीसुद्धा उतरणारच.

सलग सेल्फ मारू नये. दहा सेकंदांनंतर किमान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर सेल्फची वाइंडिंग (आतली तारांची गुंडाळी) जळते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा वास आला की नवशिके ॲक्सिलरेटरचे पॅडल आणखी पंप करतात. ते पूर्ण दाबून तसेच धरावे आणि मग सेल्फ मारावा. भर दुपारी थांबवलेली गाडी लगेच सुरू होत नसेल, तर बॉनेट उघडून ठेवावे आणि पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकून वाट पाहावी. डिझेलच्या गाडीत हीटरचा दिवा विझेपर्यंत दम धरावा. चावी फिरतच नसेल, तर तिच्यावर जोर न करता स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे.

स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करण्याची करामत मोबाइलवर पाहून करणाऱ्यांना मी गाडीजवळ उभे राहू देत नाही, कारण गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती थेट माणसाच्या अंगावर येते. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता दूर इंजिनाच्या धातूला लावावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि जोडताना ठिणगी हमखास उडते.

सगळे जोड स्वच्छ आहेत, बॅटरी भरलेली आहे आणि तरीही नुसता एक ‘कट्’ येतो, अशा वेळी एकाने चावी धरावी आणि दुसऱ्याने सेल्फवर लाकडी दांडक्याने हलकेच ठोकावे. त्यावर तो फिरला, तर आतील कार्बन ब्रश झिजले असण्याचीच शक्यता अधिक; ती गाडी सरळ वायरमनकडे न्यावी, तेवढ्या भरवशावर तुळजापूरच्या घाटाकडे नव्हे.