पंचवटीत प्रेमकथा वाचताय? पुस्तक कोरडं ठेवा

नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना मी हमखास प्रेमकथा काढते. फोनवर वाचणार असाल तर पुस्तक घरूनच डाऊनलोड करून घ्या. इगतपुरी सुटली की कसाऱ्याच्या घाटात बोगदे लागतात, रेंज जाते आणि नायक कबुली द्यायच्या बेतात असताना पान नुसतं गोल गोल फिरत राहतं.

छापील पुस्तकाचा वैरी मात्र इगतपुरीचा पाऊस. मागच्या श्रावणात खिडकीतून आलेल्या एका सपकाऱ्याने माझ्या हातातली वीस-पंचवीस पानं भिजली, तीही वाचनालयाची! (आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, तिथे मान खाली घालून उभं राहणं नको वाटतं.) अशा वेळी पानं ओढून सुटी करू नका, फाटतात. ओलं पुस्तक उन्हातही ठेवू नका, पानं वाकडी होतात. दर चार-पाच पानांमागे कोरा टिश्यू पेपर घाला, ओला झाला की बदला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पंख्याखाली जवळजवळ सुकलं की पोळपाटाखाली दोन दिवस दाबून ठेवा. त्यावर डबाही ठेवा. नुसतं पोळपाट हलकं पडतं.