‘एल माचेते’चा जुना अंक कसा वाचावा

मेक्सिकोच्या कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र ठरलेल्या ‘एल माचेते’चा इतिहास अभ्यासायचा असेल, तर अंकाची छायाप्रत हाती येताच मजकुराकडे धाव न घेता आधी ती भिंतीला लावून चार पावले मागे सरावे. मार्च 1924 मध्ये मेक्सिको शहरातील चित्रकार व शिल्पकारांच्या संघटनेने सुरू केलेल्या या पत्राचे पान मोठे होते, कारण ते भिंतीवर डकवायचे होते. देशातील बहुसंख्यांना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी दाविद सिकेरोस आणि हाविएर गेरेरो यांनी लाकडी ठशांवर कोरलेली, काळ्या-लाल शाईत उमटलेली चित्रे हाच मुख्य मजकूर होता.

नावाचे भाषांतर ‘कोयता’ असेच करावे. ग्रासिएला आमादोर यांनी पत्रासाठी रचलेल्या बोधवाक्यात हे हत्यार ऊस तोडते, रानातून वाट काढते, साप मारते, तण छाटते आणि श्रीमंतांचा माज उतरवते. तिथे ‘तलवार’ म्हटले की उसाचा फडच नाहीसा होतो. अंकात कोरिदो, म्हणजे तिकडची कथागीते, आढळली तर ती मोठ्याने वाचावीत. पोवाडा नुसत्या डोळ्यांनी वाचून जसा कळत नाही, तसेच त्यांचे आहे.

मग तारीख पाहावी. 1925 पूर्वीचा, म्हणजे पत्र पक्षाकडे जाण्याआधीचा, अंक प्रामुख्याने कलावंतांचा आहे. जून 1924 च्या सातव्या अंकातील, दिएगो रिव्हेरा आणि ओरोस्को यांच्याही सह्या असलेला जाहीरनामा तर सावकाश वाचावा, कारण दिवाणखान्यातल्या चित्राला नाकारून सार्वजनिक भिंतीचा आग्रह धरणारे हे चित्रकार ज्या सरकारच्या भिंती रंगवून पोट भरत होते, त्याच सरकारवर त्यांचे पत्र तुटून पडत होते, आणि हा ताण समजल्याशिवाय पत्राची सूत्रे पक्षाकडे का गेली हे उमगत नाही. 1929 ते 1934 हा बंदीचा काळ; त्या अंकांत पत्ता आणि लेखकाचे नाव छापले आहे की गाळले आहे, हे आवर्जून तपासावे. राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत पत्र पुन्हा उघडपणे निघू लागले आणि 1938 मध्ये त्याची जागा ‘ला व्होस दे मेहिको’ या पक्षाच्याच नव्या पत्राने घेतली.

मराठी अभ्यासकाने आणखी एक धागा सोडू नये. वर्ध्यात जन्मलेले कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे त्याच वर्षांत मेक्सिकोतील चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते. रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले आणि छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या शेतीशाळांची छायाचित्रे काढली.

याच मोदोत्तींचे एक छायाचित्र अंकाशेजारी ठेवावे. रुंद काठाच्या टोप्या घातलेले शेतकरी एकाच अंकाभोवती दाटीवाटीने जमले आहेत, चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत, पण मथळा स्पष्ट वाचता येतो: ‘सगळी जमीन हवी, जमिनीचे तुकडे नकोत’. पत्राच्या खपाचा कोणताही आकडा स्वीकारण्यापूर्वी त्या एका प्रतीवर किती टोप्या झुकल्या आहेत, त्या मोजाव्यात.